दुसऱ्याच्या नावची सही

मी बेळगावच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून रुजू झाले त्या दिवशी आमच्या सेक्शनच्या दारात एक कुरिअरवाला रडकुंडीला येऊन उभा होता. त्याला एका पाकिटाची पोच म्हणून सही हवी होती, आणि ती ज्यांनी द्यायची ते उंच, किडकिडीत, पन्नाशी कधीच ओलांडलेले गृहस्थ पाकीट वाचत बसले होते. आतलं पत्र नव्हे, पाकीट. पुढची बाजू वाचून झाली, मागची झाली, मग खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कंपनीच्या अटी छापल्या होत्या, त्या त्यांनी चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी नेल्या.

"अण्णा, लौकर की हो. अजून तीस पाकिटं वाटायची हाईत," कुरिअरवाला म्हणाला.

"तू ह्या अटी वाचल्यास?"

"न्हाय बा."

"मग बस वाईच. नवव्या नंबरला लिवलंय, पाकीट फाटकं असलं तर सही करायच्या आदी सांगायचं. हे कोपऱ्यात फाटलंय."

"फाटलं न्हाय ओ, दुमडलंय!"

त्यांनी कोपरा नखानं उलगडून पाहिला. "दुमडलंय," त्यांनी कबूल केलं, आणि पुन्हा पहिल्या अटीपासून सुरुवात केली.

हे आमचे शिरस्तेदार, म्हणजे कोर्टातल्या कारकुनांचे म्होरके. त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. त्यांच्याविषयी कुणी विचारलं तर मी हा कुरिअरवाला पहिल्यांदा सांगते, कारण तो ऐकून माणूस हसतो, आणि हसलेल्या माणसाला पुढचं सांगणं सोपं जातं.

वाचल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा खाक्या घरीदारी सगळीकडे चालायचा. सेक्शनमध्ये कुणाच्या लग्नाचं भेटकार्ड सह्यांसाठी फिरू लागलं की ते सगळ्यात आधी त्यांच्याकडे द्यायचं, असा आमचा शिरस्ता होता. शेवटी दिलं तर लग्न उरकून जायचं. एकदा एका कार्डावर 'तुमच्या सर्व इच्छा पूर्ण होवोत' असं छापलेलं होतं. त्यांनी 'सर्व'खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि मला बोलावलं.

"ह्या पोराच्या इच्छा काय काय हाईत, तुला म्हाईत हाय?"

"नाही सर."

"मला बी न्हाय. मग मी कशी सही करू?"

शेवटी 'सर्व रास्त इच्छा' अशी दुरुस्ती झाली. दुरुस्तीशेजारी छोटी सही, खाली मोठी सही. ते कार्ड नवऱ्यामुलानं अजून जपून ठेवलंय म्हणतात.

पत्ता सांगायची त्यांची रीत तर कोर्टभर प्रसिद्ध होती. नव्या माणसानं कँटीन कुठं म्हणून विचारलं की हे खुर्चीत सरळ होऊन सांगायचे, "पूर्वेस झेरॉक्सचं दुकान, पश्चिमेस स्कूटर स्टँड, दक्षिणेस नोटरीचं टेबल, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. ह्या चतुःसीमेच्या आत जे काय हाय त्ये कँटीन." विचारणारा नोटरीच्या टेबलापाशी जाऊन पुन्हा कुणालातरी विचारायचा.

आता एवढ्या चिकित्सक माणसाच्या वाट्याला आलेलं काम बघा. दुसऱ्याच्या नावची सही करणं.

कोर्टकचेरीशी संबंध न आलेल्यांना हे खोटं वाटेल, पण असं काम असतं आणि ते अगदी कायदेशीर असतं. समजा, मी तुम्हाला माझी जागा विकायचा करार केला आणि मागनं फिरले. तुम्ही कोर्टात गेलात, कोर्टानं मला सांगितलं, दिलेला शब्द पाळा, खरेदीपत्र करून द्या. तरी मी हटून बसले, सही करणार नाही म्हणाले. माझा हात धरून कुणी माझ्याकडनं सही करून घेऊ शकत नाही. मग कोर्ट आपला एखादा माणूस नेमतं, तो माझ्या नावानं सही करतो, आणि ती मीच केली असं धरलं जातं. जागा गेली. मी त्या वेळी घरी पोळ्या लाटत असले तरी गेली.

म्हणून कायद्यानं मध्ये एक पायरी ठेवलेली आहे. खरेदीपत्राचा मसुदा आधी त्या हटून बसलेल्या माणसाकडे पाठवायचा. त्यात काही चूक असेल, हुकुमापेक्षा जास्त काही लिहिलं असेल, तर त्याला हरकत घ्यायला मुदत द्यायची. हरकत कोर्टानं ऐकायची. त्यानंतर सही. कागदावर ही पायरी पुष्कळदा एका शिक्क्यात उरकते: 'मसुदा पोचला, हरकत नाही.'

आमच्या शिरस्तेदारांना तो शिक्का पुरायचा नाही. ज्याच्या नावची सही करायची त्याचं तोंड ते आधी बघून यायचे. रविवारी, स्वतःच्या वेळात, एसटी नाहीतर रेल्वेनं. असं करा म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि करू नका असंही नव्हतं. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत त्यांनी सोळा वर्षं काढली.

खानापूरच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या एका गावात ते असेच गेले होते. तिथल्या एका शेतकऱ्यानं पुतण्याला भातशेतीचा तुकडा विकायचा करार केला होता आणि मग सही करायला साफ नकार दिला होता. शिरस्तेदार दारात उभे राहिलेले बघून त्या गड्यानं आतनं कडी लावली. हे घरासमोरच्या कट्ट्यावर बसले, पिशवीतनं मसुदा काढला आणि मोठ्यानं वाचायला लागले. मसुदा कन्नडमध्ये, हे वाचता वाचता त्याचं मराठी करत होते. दहा मिनिटांत निम्मं गाव जमलं.

"पूर्वेस आंब्याचं झाड," यांनी वाचलं.

"आंबा न्हवं, फणस," गर्दीतनं कुणीतरी म्हणालं.

"फणस पडला की गेल्या साली."

"पडला म्हणून काय झालं, खोडकं हाय न्हवं!"

"उत्तरेस ओढा."

"ओढा बारमाही न्हाय, तसं लिवा."

वीस माणसं वीस दुरुस्त्या सांगू लागली, एकाला तर आपलीच जमीन त्यात आहे असं वाटायला लागलं. शेवटी आतली कडी निघाली. लाल डोळ्यांनी तो शेतकरी बाहेर आला आणि म्हणाला, "माझ्या रानाचा बाजार मांडलाय व्हय? आणा त्यो कागद. सोमवारी येतो, सही करतो. पन आता गप बसा." सोमवारी तो खरंच आला. चतुःसीमेत फणसाचं खोडकं घातल्यावर त्यानं सही केली.

हा किस्सा ते हसत सांगायचे. पण हे तोंड बघायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, आणि तेव्हा ते हसत नव्हते. दुपारची सुट्टी होती, आम्ही डबे उघडले होते.

"मी नवा हुतो त्या कामाला. एक खरेदीपत्र आलं, साहेबांनी सांगितलं सही कर, केली. कोन, काय, कायबी बघितलं न्हाय. म्हयन्याभरानं लोंढ्याला चाललो हुतो पाव्हण्याकडं, खानापुरात गाडीत बसलो. समोर एक म्हातारा. बोलता बोलता म्हणला, माझं घर गेलं. म्हटलं, कसं गेलं? म्हणला, कोर्टातल्या कुन्या मान्सानं माझ्या नावची सही केली. नाव सांगितलं गावाचं. मी केलेलीच ती सही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरला. "म्हणला, कायदा कायदा हाय, मी हरलो, ते मला कळतंय. पन त्या मान्सानं एकदा तोंड तरी दावायचं हुतं. माझं नाव लिवताना त्याला मी कसा दिसतो हे बी ठावं नसंल. लोंढा येईस्तवर मी त्या म्हाताऱ्याच्या समोर बसून हुतो. सांगितलं न्हाय मी त्याला. तोंड न्हाय झालं."

मग डबा धुवायला उठले.

या खुळापायी त्यांच्या नावानं वकिलांच्या तक्रारी यायच्या. कामाला उशीर होतो, शिरस्तेदार पक्षकारांना भेटतात, हे बरं नव्हे. येणारे-जाणारे न्यायाधीश त्यांना बोलावून समज द्यायचे. हे शांतपणे सांगायचे, "साहेब, मी काय बोललो न्हाय. बघून आलो." बघण्याबद्दल काय कारवाई करायची, हे कुणाला सुचायचं नाही.

मग त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना वडगावचं प्रकरण आलं.

वडगावात मी भाड्याच्या खोलीत राहत होते. गाव माझं निपाणी, पण रोजचं येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. वडगावात घरोघर माग, दिवसभर खटाखट चाललेली. पहिले दोन महिने मला झोप लागायची नाही आणि आता निपाणीला गेले की शांततेनं जाग येते. एका शनिवारी शिरस्तेदार माझ्या टेबलापाशी आले. "तू वडगावातच ऱ्हातीस न्हवं? उद्या माझ्यासंगं चल. बाईमान्साच्या घरी जायचं हाय, एकटी असती म्हणं."

प्रकरण असं होतं. शांताक्का नावाची एक हातमागवाली म्हातारी. नवरा जिवंत असताना दोघांनी मिळून घरामागचं परडं शेजारच्या पॉवरलूमवाल्याला विकायचा करार केला होता. नवरा गेला, शांताक्कानं सही करायचं नाकारलं, शेजारी कोर्टात गेला. शांताक्का त्या काळात आजारी, मुलगा पुण्याला, तारखांना कुणी गेलंच नाही. एकतर्फी निकाल लागला: परडं लिहून द्या. तरी सही झाली नाही, तेव्हा शिरस्तेदारांना हुकूम झाला, येत्या मंगळवारी तिच्या नावानं तुम्ही सही करा. फाइलमध्ये नोटिसा पोचवणाऱ्या बेलिफाचा अहवालही होता: 'घर बंद होते, मसुदा व नोटीस दारास डकवली, हरकत आलेली नाही.'

रविवारी सकाळी आम्ही गेलो. अरुंद बोळ, टोकाला कौलारू घर, दार उघडं. आत मागावर एक ठेंगणी, काटक म्हातारी बसलेली. शिरस्तेदारांनी उंबऱ्याबाहेरनंच नमस्कार केला.

"आक्का, मी कोर्टातनं आलोय. मंगळवारी तुमच्या नावची सही माझ्या हातनं व्हायची हाय. म्हणून म्हटलं, तुमास्नी भेटून यावं."

शांताक्कानं पायपट्टीवरनं पाय उचलला. माग थांबला. "माझी सही तुमी करनार?"

"हुकूम हाय."

"आनी मी मेलो व्हय?"

बेळगावकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'गेलो', 'मेलो' असंच बोलतात. शिरस्तेदार खाली वाकून दाराची चौकट न्याहाळत होते. आतली बाजू बघितली, बाहेरची बघितली. "आक्का, ह्या दाराला कडी कुठं हाय?"

"कडी कशाला? घरात न्यायला काय हाय? धनी हुते तवापासनं कडी न्हाय. कुत्रं येऊ नये म्हणून फळी आडवी लावतो रातीला."

"बंद करून परगावी गेलता का एवढ्यात?"

"माग सोडून कुठं जाऊ? दवाखाना सोडला तर मी हितंच."

शिरस्तेदारांनी माझ्याकडं पाहिलं. ज्या दाराला कडी नाही ते दार बेलिफाला बंद कसं सापडलं, हे मलाही कळत होतं. बोळाच्या तोंडाला शेजाऱ्याची शेड होती, तिला भलं मोठं कुलूप. त्या कुलपाखाली, पावसानं रंग उडालेल्या पत्र्यावर, डकवलेल्या कागदाचा एक कोपरा अजून चिकटलेला होता.

"न्हाय का म्हणताय सहीला?" त्यांनी विचारलं.

आता शांताक्का उठली. "परडं दिलंय ते दिलंय. आमच्या धन्यानं जबान दिलती, मी बी हुतो तिथं. पन ते गेल्यावर हेची मानसं टेप घिऊन आली ती थेट ह्या खोलीतनं मागं गेली आनी मोजाय लागली. म्हटलं, हे खोली बी घेत्यात. मग मी कशालाच सही करनार न्हाय म्हटलं."

शिरस्तेदारांनी पिशवीतनं मसुदा काढला आणि चतुःसीमा वाचली. पश्चिमेस गटार. मग दुसरा कागद काढला, कोर्टाच्या निकालाची नक्कल. त्यात त्याच ओळीत होतं: पश्चिमेस मागाच्या खोलीची भिंत. ते परड्यात गेले. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, समोरच्या कुंपणापर्यंत पावलं मोजली. परत आले, घरात शिरले, मागाला वळसा घालून पुढच्या दाराबाहेरच्या गटारापर्यंत चालत गेले. मधे शांताक्काचा माग, चूल, धन्याचा फोटो, सगळं आलं. एका शब्दात म्हातारीचं राहतं घर गेलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी तिला एवढंच सांगितलं, "आक्का, मी तुमचा वकील न्हवं. मोफत वकील कोर्टात मिळत्यात, ही पोरगी तुमास्नी खोली नंबर लिवून दील." मी दिला. शांताक्का मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती, तिनं तो अक्षर लावून वाचला आणि कनवटीला लावला.

सोमवारी सकाळी त्यांनी मला टिपण टाइप करायला बसवलं. कन्नडमध्ये, न्यायाधीशांच्या नावे. मसुदा संबंधित बाईस पोचलेला नाही. मसुदा आणि हुकूमनामा एकमेकांशी जुळत नाहीत. सबब मी सही करण्यास असमर्थ आहे.

"सर," मी म्हणाले, "सहा महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. तुम्ही नुसतं तोंडी कानावर घाला ना."

"तोंडी सांगितलं तर फाइलीत येईल?"

"नाही."

"मग टाइप कर."

अर्जदाराचे, म्हणजे शेजाऱ्याचे, वकील दुपारी सेक्शनमध्ये आले ते तणतणतच. "शिरस्तेदार, तुमचं काम सही करायचं. इचार करायचं कोर्टाचं काम."

"हात माझा हाय न्हवं, वकीलसाहेब," हे म्हणाले. "ती सही केली की जन्मभर ह्याच हातानं मी जेवनार."

मंगळवारी त्यांना न्यायासनासमोर उभं राहावं लागलं. न्यायाधीश म्हैसूरकडच्या होत्या, तरुण, शिस्तीच्या, मराठी त्यांना येत नव्हतं. सगळं बोलणं कन्नडमध्ये झालं. त्यांनी टिपण दोनदा वाचलं, निकालाची नक्कल मागवली, मसुद्याशेजारी ठेवली.

"तुम्हाला तिथं कुणी पाठवलं?"

"कुणी नाही, मॅडम. मी रविवारी गेलो होतो."

"ज्याच्या वतीनं सही करायची त्याच्या घरी तुम्ही जाता. उद्या समोरच्या पक्षाला वाटलं, हा माणूस तिकडचा झाला, तर त्याला मी काय सांगू? त्यालाही न्याय मागायचा हक्क आहे."

शिरस्तेदार खाली बघत राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं पाहिलं. न्यायाधीशबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

हुकूम झाला तो असा. बेलिफाकडून खुलासा घ्यावा. मसुदा शांताक्काच्या हातात नव्यानं द्यावा, सोबत मराठी भाषांतर द्यावं, हरकतीची तारीख लावावी. शिरस्तेदारांना या कामातून मोकळं करून त्यांच्या जागी एक वकील नेमावेत. आणि शिरस्तेदारांना मेमो द्यावा.

मेमो मीच टाइप केला. त्यात तीन चुका झाल्या. त्यांनी तो सही करून घेण्याआधी अर्थातच पूर्ण वाचला, तिन्ही चुका दाखवल्या, आणि मी दुरुस्त प्रत आणल्यावर पोच दिली. त्या मेमोपायी त्यांची पेन्शन पुढं काही महिने लोंबकळली, पण त्याबद्दल त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. "बाई बरोबर बोलल्या," म्हणायचे. "मी बी बरोबर हुतो. हुतं असं कधी कधी."

हरकतीच्या तारखेला शांताक्का कनवटीचा कागद घेऊन मोफत वकीलबाईंबरोबर हजर झाली. समोरच्या वकिलांनी मोजणीचा नकाशा पुढं केला, वकीलबाईंनी मूळ करार. न्यायाधीशबाईंनी शांताक्काला दुभाष्यामार्फत विचारलं, तुम्हाला नक्की काय म्हणायचं आहे? ती म्हणाली, "परडं त्येंचं, खोली माझी. एवढंच. आदी हे इचाराया कुनी आलंच न्हाय." शेजारी मागच्या बाकावरनं उठून म्हणाला, खोली मलाही नको होती, हापिसात नकाशावरनं कसं लिहिलं मला ठाऊक नाही. खरं का खोटं, देव जाणे. गटार गेलं, भिंत आली. शांताक्कानं ठरल्या दिवशी स्वतः येऊन सही करावी, न केल्यास नेमलेले वकील करतील, असा शेवटचा हुकूम झाला.

सहीच्या दिवशी शिरस्तेदारांनी किरकोळ रजा टाकली. मीही टाकली, आणि आम्ही एकमेकांना सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बघून दोघंही ओशाळलो.

कचेरीत ही गर्दी. शांताक्का नवं लुगडं नेसून, केस चापून बसवून आली होती. शेजारी आला होता, दोन्ही वकील होते, आणि कोर्टानं नेमलेले तिसरे वकील फाइल मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. नंबर आला. फोटो निघाला. मग संगणकावरच्या पोरानं काचेच्या डबीवर अंगठा ठेवायला सांगितलं.

अंगठा उठेना. पन्नास वर्षं सूत ओढून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. डावा ठेवला, उजवा ठेवला, बोटं ठेवली. संगणक दर वेळी तांबडी खूण दाखवायचा. मागच्या रांगेत कुरबुर सुरू झाली.

"मशीन घेत न्हाय आज्जी," पोरगा म्हणाला. "कोर्टाचे वकील आल्यात न्हवं? त्यास्नीच करू द्या की सही."

तिसऱ्या वकिलांनी फाइल उघडली. शांताक्कानं आजूबाजूला पाहिलं, एवढं सगळं होऊन परत तिथंच आल्यासारखं तिचं तोंड झालं. "अरं पन मी हितं हाय की!" ती म्हणाली. "जित्ती हाय. दिसत न्हाय व्हय तुला?"

शिरस्तेदार मागच्या मागं नाहीसे झाले होते. ते परत आले ते बाहेरच्या चहाच्या गाड्यावरनं वाफाळता पेला घेऊन. "नुसतं गरम पाणी हाय. आक्का, अंगठा बुडवून धरा. भाजतंय का?"

"सुताला रंग द्यायला ह्याच्यापेक्षा उकळत्यात हात घातल्यात मी."

पाच मिनिटं तिनं अंगठा पाण्यात धरला. रांग थांबली. शेजाऱ्यानं खिशातला रुमाल पुढं केला, तिनं तो घेतला, अंगठा पुसला, काचेवर ठेवला आणि दाबून धरला. तांबडी खूण. पुन्हा ठेवला. तांबडी. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, तोंडानं काहीतरी पुटपुटली. हिरवी खूण आली. रांगेतल्या कुणीतरी शिट्टी घातली.

मग तिनं सही केली. 'शां'वरचा अनुस्वार आधी देऊन टाकला, मग खालची अक्षरं एकेक करून आली. तिसऱ्या वकिलांनी फाइल मिटली.

"ओळखीचे दोन साक्षीदार," पोरगा म्हणाला.

एक वकीलबाई झाल्या. दुसरा कोण? मुलगा पुण्यात, भावकी कुणी आलेली नाही. मी पुढं झाले, पण शांताक्कानं माझ्याकडं बघितलंही नाही. तिनं शिरस्तेदारांकडं बोट दाखवलं. "ह्येला ओळखतो मी."

"आक्का, मी कोर्टाचा मानूस..."

"आज रजेवर आहात तुम्ही," तिसरे वकील म्हणाले. "शेजारच्यांची हरकत आहे का?"

"माझी कशाला हरकत," शेजारी म्हणाला. "लौकर करा म्हणजे झालं, आक्कांना घरी सोडून मला शेडवर जायचं हाय. एकाच बोळात ऱ्हातो आमी."

शिरस्तेदार टेबलाशी बसले. सोळा वर्षांत त्यांनी अशा कागदांवर किती जणांच्या नावांनी सह्या केल्या असतील. पेन टेकवलं आणि त्यांचा हात थांबला. मी बाजूला उभी होते; खरं सांगते, मला वाटलं, काय लिहायचं हेच त्यांना क्षणभर आठवेना. मग त्यांनी आपलं स्वतःचं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं, गावाचं लिहिलं. हळू, पोरं पाटीवर गिरवतात तसं.

शांताक्कानं कागद आपल्याकडं ओढला. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं ते नाव वाचलं.

"बरं हाय की नाव," ती म्हणाली. "कुनी ठेवलंतं?"

शिरस्तेदारांनी पेनाला टोपण लावलं. त्यांना ते दोनदा लावावं लागलं.

"आईनं," ते म्हणाले.